वाचकांचे प्रश्न : केमोच्या कक्षातील सिस्टर

(कर्करोगाच्या रुग्णांची काळजी घेण्याचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका नेमके काय करतात, असे विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.)

प्रश्न : माझ्या आईला स्तनाचा कर्करोग असून शस्त्रक्रियेनंतर आता केमोथेरपी सुरू आहे. डॉक्टर तीन आठवड्यांतून एकदा भेटतात. बाकी सगळे डे-केअरमधील सिस्टर समजावून सांगतात. दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी रात्री आईला १०१ ताप आला. सिस्टरांनी फोनवर ‘सकाळची वाट पाहू नका, आत्ताच निघा’ असे सांगितले. एवढ्याशा तापासाठी रात्री गाडी करून तीन तासांचा प्रवास कशाला, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते. तरी आम्ही निघालो. रक्तातील पांढऱ्या पेशी फारच कमी झाल्या होत्या आणि आईला चार दिवस दाखल ठेवावे लागले. अशा वेळी सिस्टरांच्या शब्दावर कितपत विसंबून राहावे? — एक वाचिका, सांगली जिल्हा

उत्तर : त्या रात्री तुम्ही निघालात, हे अगदी योग्य केलेत. केमोथेरपीची बहुतेक औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, आणि त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही सापडतात. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान या पेशींची संख्या सर्वांत खाली जाते. त्या दिवसांत शरीराकडे जंतूंशी लढायला फौजच उरलेली नसते. त्यामुळे एरवी दोन दिवस अंगावर काढता येईल असा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. पू होणे, सूज येणे, घसा लाल होणे या खुणाही पांढऱ्या पेशींमुळेच दिसतात. त्या पेशी कमी असल्या की ताप हीच पुष्कळदा एकमेव खूण असते. म्हणून ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या नेहमीच्या तापमापकावर १००.४, एवढा ताप दिसला की रुग्णालयाशी संपर्क साधायचा, आणि क्रोसिनसारखी गोळी देऊन ताप उतरण्याची वाट पाहत बसायचे नाही, हे आम्ही प्रत्येक रुग्णाला पहिल्या डोसच्या आधी सांगतो. गोळीने आकडा उतरतो, संसर्ग उतरत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. डे-केअरमधील प्रशिक्षित सिस्टर तुम्हाला जे सांगतात, तो त्यांच्या कामाचा दिसणारा भाग आहे. न दिसणारा भाग त्याहून मोठा आहे. औषधाचा डोस बहुधा रुग्णाच्या उंची-वजनावरून ठरतो. तो योग्य आहे ना, त्या दिवसाच्या रक्ताच्या अहवालाशी जुळतो ना, पिशवीवरचे नाव आणि मनगटावरच्या पट्टीवरचे नाव एकच आहे ना, हे दोन परिचारिका स्वतंत्रपणे पडताळतात. स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात, ते शिरेबाहेर झिरपले तर त्वचा आणि खालचे मांस जळते. म्हणून हाताच्या शिरेतून ते देताना सिस्टर रुग्णाशेजारी बसून राहतात, पुन्हा पुन्हा शीर तपासतात आणि ‘जळजळतंय का?’ असे विचारत राहतात. तेव्हा ‘थोडंसं होतंय, पण चालेल’ असे म्हणणाऱ्या बायका मी शेकड्यांनी पाहिल्या. आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याचे कौतुक होते, आणि कर्करोगाच्या उपचारांत तीच सवय सर्वांत जास्त नुकसान करते, असे सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर माझे ठाम मत झाले आहे.

डॉक्टरांसमोर आई जे बोलणार नाहीत, ते सिस्टरांसमोर बोलतील याची काळजी घ्या. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते, पण आधी कोणी सांगितले नसेल तर बाई घाबरून गप्प राहते. तोंडात फोड आल्यामुळे भाकरी गिळता येत नाही, शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात वेणी घालण्याइतकाही वर जात नाही, झोप लागत नाही, पतीपासून वेगळे झोपावे का असा संकोच वाटतो, या सगळ्याला सिस्टरांकडे उपाय असतो किंवा निदान योग्य माणसाचा पत्ता असतो. घरी एक वही ठेवा आणि डोसची तारीख, रोजचा ताप, उलट्या, शौचास किती वेळा झाली, एवढे तिच्यात लिहीत जा. ती वही पाहून सिस्टर पुढच्या डोसआधी डॉक्टरांशी बोलतात आणि कित्येकदा त्यावरूनच औषध बदलले जाते. निदान आणि उपचारांचा निर्णय डॉक्टरांचाच असतो. पण घरी काय बिघडते आहे हे बहुधा सिस्टरांना आधी कळते.

प्रश्न : मी विदर्भातील एका रुग्णालयात चार वर्षे स्टाफ नर्स आहे. मला कर्करोगाच्या परिचर्येत विशेष शिक्षण घ्यायचे आहे. कोणता मार्ग आहे? — एक परिचारिका

उत्तर : भारतीय परिचर्या परिषदेने मान्यता दिलेला कर्करोग परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक पदविका अभ्यासक्रम आहे, आणि नोंदणीकृत परिचारिका म्हणून अनुभव असल्याने तुम्ही त्यासाठी अर्ज करू शकता. जवळच्या मान्यताप्राप्त संस्थांची चौकशी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे करावी. मात्र अर्ज करण्यापूर्वी, परत आल्यावर तुम्हाला त्याच विभागात ठेवतील का, हे वरिष्ठांकडून लेखी विचारून घ्या. केमोच्या कक्षात तयार झालेल्या परिचारिकेची पाळीच्या नियमाने दुसऱ्या विभागात बदली होते आणि तिचे शिक्षण वाया जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि दर वेळी मला त्याचे तितकेच वाईट वाटले आहे.

प्रश्न : माझे वडील वारकरी आहेत. गुदाशयाच्या कर्करोगासाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि पोटावर कायमचा स्टोमा, म्हणजे मळ बाहेर येण्यासाठी आतड्याचे तोंड, करावा लागला. त्यावर मळ साठवणारी पिशवी लावावी लागते. त्याला दीड वर्ष झाले. प्रकृती उत्तम आहे, पण गेल्या आषाढीला ते वारीला गेले नाहीत. ‘ही पिशवी लावून माउलींच्या पालखीबरोबर कसा चालू?’ असे म्हणतात. भजनालाही मागे, दाराजवळ बसतात. त्यांना कसे समजावू? — एक वाचक, सातारा

उत्तर : वडिलांना स्टोमा सिस्टरांकडे, म्हणजे स्टोमाची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या परिचारिकांकडे, घेऊन जा. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे नसतील तर मोठ्या कर्करोग रुग्णालयात असतात. या कामाची सुरुवातच एका रुग्णापासून झाली. अमेरिकेतील नॉर्मा गिल या बाईंना स्वतःला स्टोमा होता. क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये त्यांना इतर रुग्णांना शिकवण्याच्या कामावर घेतले आणि १९६१ मध्ये तेथे या विषयाचे शिक्षण सुरू झाले. स्टोमा झालेल्या माणसाला नेमकी कशाची लाज वाटते, हे त्या बाईंना कोणी सांगावे लागले नव्हते.

वडिलांची लाज बहुधा वासाची आणि गळतीची आहे. नीट बसलेल्या पिशवीतून वास येत नाही. येत असेल तर ती कुठेतरी सुटलेली असते. पिशवीच्या, पोटाला चिकटणाऱ्या चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे लागते. ते जास्त मोठे झाले तर उघड्या राहिलेल्या त्वचेवर मळ लागून ती सोलवटते आणि चकती धरत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत स्टोमा आकसतो, आणि घरोघरी जुन्याच मापाने छिद्र कापले जात असते. सिस्टर नवे माप घेतील, वडिलांना उभे करून, बसवून आणि वाकवून पोटाची घडी कुठे पडते ते पाहतील, धोतराची गाठ स्टोमावर येते का तेही विचारतील. पिशव्यांचा खर्च जड जात असेल तर मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडे चौकशी करा. तेथे स्टोमा असलेली माणसेच एकमेकांना मदत करतात, आणि अशा एखाद्या माणसाशी वडिलांची गाठ पडली तर माझ्या या उत्तरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

वारीबद्दल शल्यविशारदांची परवानगी आधी घ्या. ती मिळाली तर सगळी वाट एकदम चालण्याचा हट्ट नको. पहिल्या वर्षी वाखरी ते पंढरपूर हा शेवटचा लहान टप्पा पुरे. नेहमी लागतात त्याच्या दुप्पट पिशव्या घ्या आणि त्या उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, कारण उष्णतेने चिकटपणा जातो. पाणी, मऊ कापड, जुनी वर्तमानपत्रे आणि विल्हेवाटीसाठी बंद पिशव्या वेगळ्या झोळीत ठेवा. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची. जड सामान वडिलांना उचलू देऊ नका, त्याने स्टोमाच्या बाजूने हर्निया होतो. निघण्याआधी आठवडाभर रोज दोन-तीन किलोमीटर त्यांच्याबरोबर चालून पाहा, आणि एकदा तरी पिशवी घराबाहेर, अनोळखी ठिकाणी, त्यांची त्यांनाच बदलू द्या.