गोडाऊनमधला तो गडी पोतं ओढत का नाही?

तुम्ही विचारलंय की टेट्रिस, माइनस्वीपर, लेमिंग्ज, सोकोबान अशा जुन्या कोड्यांच्या गेम्सपैकी सगळ्यात आवडता कोणता, आणि बाकीच्यांपेक्षा तोच का.

सोकोबान. घाईत असाल तर इथंच थांबा. पण 'का' विचारलंय, म्हणजे थोडं बसावं लागेल.

माझा निकष जरा कोल्हापुरी आहे. हरल्यावर शिव्या कुणाला घालायच्या, यावरून मी गेम जोखतो. नशिबाला घालायच्या, मशीनला की स्वतःला? ग्राफिक्स, आवाज, किती कोटी प्रती खपल्या, हे सगळं नंतर.

टेट्रिसपासून सुरू करतो, कारण त्याच्यावर माझा जीव आहे आणि तरी मी त्याला पहिला नंबर देत नाही. आईनं महाद्वार रोडवरून तो राखाडी पडद्याचा ब्रिक गेम घेऊन दिला होता. दोन पेन्सिल सेलवर चालायचा. खोक्यावर ९९९९ गेम्स असल्याचं छापलेलं; आत मोजून डझनभर, बाकी सगळा वेग वाढवल्याचा हिशेब. टेट्रिस हे नाव आम्हाला ठाऊकच नव्हतं, तो आपला ठोकळ्यांचा गेम: वरून तुकडे पडत राहतात, ते रचून आडवी ओळ पुरी भरली की ती गायब होते, आणि ढीग वर टेकला की खेळ खलास. आणि त्यातली चार घरांची उभी पट्टी म्हणजे आमची सासनकाठी. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत नाचवतात तीच. कडेला एक उभी फट ठेवून बाकी सगळं भरत आणायचं आणि वाट बघत बसायचं. बाजूच्या छोट्या चौकटीत पुढचा तुकडा सासनकाठी दिसली की कट्ट्यावरची सगळी पोरं एकदम 'चांगभलं!'

आता गंमत बघा. हा गेम अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात बसून केला. इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या त्या मशीनवर चित्र काढायची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे चौकटी कंसांच्या चिन्हांनी रचले. तुकडे सात, प्रत्येकात चार घरं, एकूण अठ्ठावीस. हे सातही तुकडे एकेकदा वापरून एक अखंड आयत कधीच होत नाही, हे माहितीय का? बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं मनात आणा. सहा तुकडे दोन काळी, दोन पांढरी अशी झाकतात. टी आकाराचा तुकडा एकटा तीन आणि एक झाकतो. अठ्ठावीस घरांच्या आयतात चौदा-चौदाच असतात, त्यामुळं हिशेब कधीच जुळत नाही. पुठ्ठा कापून करून बघा, एक दुपार जाईल.

पण माझी तक्रार दुसरीच आहे. टेट्रिस जिंकता येत नाही, फक्त हरणं लांबवता येतं. एकाआड एक उलटसुलट झेडसारखे तुकडेच येत राहिले, तर कितीही मोठ्या खेळाडूची ७०,००० तुकड्यांच्या आत विकेट जाते, हे गणितानं सिद्ध झालंय. तुकडे खरोखर कसेही येत असतील, तर अनंत काळात तशी रांग कधीतरी येणारच. नव्या टेट्रिसमध्ये सातही तुकडे पिशवीत घालून हलवून काढल्यासारखे येतात, त्यामुळं दोन सासनकाठ्यांमध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे जातात. आमच्या ब्रिक गेमवर असली दयामाया नव्हती. चाळीस-चाळीस तुकडे काठी यायची नाही आणि आम्ही मशीनला शिव्या घालायचो. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलानं निन्टेन्डोचा जुना टेट्रिस १५७ व्या लेव्हलपर्यंत नेला आणि तिथं गेमच गोठला. माणसाच्या हातून हे पहिल्यांदाच घडलं. म्हणजे टेट्रिसला हरवायचं तर तो बंद पाडावा लागतो. नाद खुळा आहे, कबूल. पण ते कोडं नव्हे, ती तालीम.

माइनस्वीपर भेटला तो लक्ष्मीपुरीत. काकांचं धान्याचं दुकान, मागं गोडाऊन. १९९८ साली हिशेबासाठी कॉम्प्युटर आला. चपला बाहेर, ज्वारीची धूळ बसू नये म्हणून वर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि दिवाणजींशिवाय कुणी हात लावायचा नाही असा हुकूम. दिवाणजी दुपारी जेवायला घरी गेले की मी आणि ताई. आमच्यासाठी तो बॉम्बचा गेम: झाकलेली घरं एकेक उघडायची, उघडलेल्या घरातला आकडा भोवती किती बॉम्ब आहेत ते सांगतो, आणि बॉम्बवर क्लिक पडलं की संपलं. ताईचा हात त्यात असा बसला होता की बघत राहावं. एक्स्पर्ट या सगळ्यात अवघड पातळीत १६ बाय ३० म्हणजे ४८० घरं, त्यात ९९ बॉम्ब, म्हणजे साधारण पाचात एक. भिंतीसारख्या सरळ कडेवर १-२-१ असे आकडे दिसले की दोन्ही एकांच्या समोर बॉम्ब आणि दोनाच्या समोर मोकळं, हे तिनं कुणी न शिकवता ओळखलं होतं. मी तोवर क्लिक करून नशीब बघणाऱ्यांतला.

आणि खोट तिथंच आहे. पावणेचारशेच्या वर घरं अक्कल लावून उघडायची, आणि शेवटी कोपऱ्यात दोन घरं उरतात. एकात बॉम्ब आहे. कुठल्या, हे कळायचा जगात काही मार्ग नाही. छापा की काटा. विंडोजच्या जुन्या माइनस्वीपरमध्ये पहिल्या क्लिकला बॉम्ब फुटत नाही, तिथं असलाच तर गेम तो गुपचूप दुसरीकडं हलवतो. एवढी माणुसकी सुरुवातीला दाखवणाऱ्यानं शेवटाला का दाखवू नये? कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या पोरानं नंतर एक चोरवाट सांगितली. एक्स-वाय-झेड-झेड-वाय टाइप करून शिफ्ट-एंटर दाबायचं. मग पडद्याच्या डाव्या वरच्या टोकाला एक ठिपका उमटतो, पांढरा असेल तर बिनधास्त, काळा असेल तर बॉम्ब. ताईनं ती एकदाच वापरली आणि आठवडाभर त्या गेमकडं बघितलं नाही.

लेमिंग्जबद्दल थोडक्यात. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डीएमए डिझाइन कंपनीचा, १९९१ चा. पुढं यांनीच ग्रँड थेफ्ट ऑटो काढला. हिरव्या केसांचे छोटे प्राणी मेंढरांसारखे एकामागोमाग चालत सुटतात, एक खड्ड्यात गेला की बाकीचेही मागनं; तुम्ही कुणाला खणायला, कुणाला पूल बांधायला, कुणाला आडवं उभं राहायला लावायचं. आठ प्रकारची कामं. गेम सुंदरच, पण युक्ती सापडूनही माउस अर्धा सेकंद उशिरा दाबला म्हणून शंभर जीव गेले, की शिव्या मनगटाला पडतात.

पत्ते कोड्यात धरायचे असतील तर फ्रीसेल. तो दिवाणजींचा. विंडोजवर त्याचे ३२,००० क्रमांकित डाव होते आणि त्यातला एकच, ११९८२, सुटत नाही. हे मी त्यांना पुढं कधीतरी सांगितलं, तर 'बघू' म्हणाले आणि पंधरा दिवस तोच डाव लावून बसले.

आता सोकोबान. हिरोयुकी इमाबायाशी यांचा हा गेम जपानमध्ये थिंकिंग रॅबिट कंपनीनं १९८२ साली काढला. नावाचा अर्थच गोडाऊन सांभाळणारा. ताईच्या कॉम्प्युटर क्लासमधून फ्लॉपीवर आला आणि गोडाऊनच्या पुढ्यातच बसून आम्ही तो खेळायला लागलो. एक माणूस, चार भिंती, काही खोकी, तेवढ्याच खुणा केलेल्या जागा. खोकी ढकलून खुणांवर न्यायची. एका वेळी एकच ढकलता येतं. ओढता येत नाही. संपले नियम.

यात घड्याळ नाही, नशीब नाही, पुढं काय येईल याची धाकधूक नाही. सगळं पहिल्या क्षणापासून डोळ्यांसमोर. आणि तरी तुम्ही हरता, तेही कसं? खोकं कोपऱ्यात गेलं की संपलं, हे पाच मिनिटांत कळतं. भिंतीला लागलं आणि त्या भिंतीलगत खूण नसेल तरी संपलं, हे अर्ध्या तासात. भिंतीलगत दोन खोकी शेजारी-शेजारी आली तर दोन्ही कायमची अडकली, हे दुसऱ्या दिवशी. पण खरी बोच वेगळी आहे. माणूस चालतोय, खोकी सरकतायत, निम्म्या खुणा भरल्यात, आणि तुम्ही वीस चालींपूर्वीच हरलेले असता. गेम काही बोलत नाही. तो तुम्हाला तसंच खेळू देतो.

एका लेव्हलला मी चार दिवस अडकलो होतो. हमालांचे मुकादम मामा चहाचा कप घेऊन मागं उभे. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "धाकलं मालक, ह्यो गडी खोकं वडत का न्हाई?"

"मामा, त्याला ओढता येत नाही. फक्त ढकलता येतं."

"मग असला कसला हमाल? आकडा द्या की त्याला."

आम्ही हसलो. मामा पोती ओढायचा लोखंडी आकडा खांद्यावर टाकून ट्रक भरायला गेले. त्या दिवशी सांगलीची गाडी होती, वाटेत हातकणंगले आणि जयसिंगपूर. सांगलीची पोती सगळ्यात आत, मग जयसिंगपूरची, हातकणंगल्याची फाळक्याशी. शेवटी उतरायचा माल आधी चढवायचा. हे रोज बघत होतो, पण त्या दिवशी कुठंतरी टोचलं. घरी जाऊन वहीत लेव्हल काढली, सगळी खोकी खुणांवर बसलेली दाखवली आणि तिथून माणसाला उलटा चालवत एकेक खोकं ओढून बाहेर काढायला लागलो. उलट्या खेळात एक सुख असतं. ओढून खोकं कोपऱ्यात जाऊच शकत नाही, कारण ओढणाऱ्याला पलीकडं उभं राहायला जागा लागते. आणि जे खोकं पहिलं सुटून निघतं, तेच सुलट खेळात शेवटी ठेवायचं. चार दिवसांची लेव्हल त्या रात्री सुटली. सोकोबान सोडवणारे काही प्रोग्रामही असाच उलट्या दिशेनं शोध घेतात, हे वाचलं तेव्हा मला मामांचा आकडा आठवला.

गणितवाल्यांनीही या गेम्सची प्रतवारी लावलीय. माइनस्वीपर आणि टेट्रिसमधले प्रश्न ज्या वर्गात बसतात, तिथं उत्तर शोधणं महाकठीण, पण कुणी आयतं हातात दिलं तर झटकन तपासता येतं. सोकोबान त्याच्याही वरच्या वर्गातला, हे १९९७ साली कॅनडातले जोसेफ कल्बरसन यांनी दाखवलं. तिथं सर्वात छोटं उत्तरच इतकं लांबलचक असू शकतं की लिहून काढता काढता पुरेवाट व्हावी.

दोषही सांगतो, नाहीतर म्हणाल पठ्ठ्या एकतर्फी बोलतोय. गेम दिसायला कोरडा. युक्ती सापडल्यावर उरलेली दोनशे पावलं निव्वळ हमाली असते. सुरुवातीच्या जुन्या लेव्हल्स नवख्याला इतक्या जड जातात की बरेच जण तिसऱ्या-चौथ्यालाच रामराम ठोकतात. म्हणून तिथून सुरू करू नका. डेव्हिड स्किनर यांचा मायक्रोबान नावाचा १५५ लेव्हल्सचा संच आहे, छोट्या-छोट्या खोल्यांचा, फोनवरच्या बहुतेक सोकोबानमध्ये मिळतो. चाल मागं घ्यायचं बटण हवं तेवढं दाबा, त्यात कमीपणा नाही. फार अडलात तर फोन बाजूला ठेवून वही घ्या आणि गड्याच्या हातात आकडा द्या.