इंग्रजी क्रियापदापुढे ऑन, टू, विथ यांतलं काय लावायचं, हे कसं लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, आता ऑफिसात रोज इंग्रजी मेल लिहावे लागतात, आणि प्रिपोझिशनच्या याद्या पाठ करूनही ऐन वेळी चुकतं. मी संध्याकाळच्या वर्गात नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवते. हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. माझ्या मते याद्यांचा उपयोग होत नाही, कारण चुकीचं मूळ आपल्या मराठीत असतं आणि यादीत ते दिसत नाही.

मागे वर्गातल्या एका ताईंनी फळ्यावर लिहिलं, 'आय ॲम अँग्री ऑन माय ब्रदर.' मी म्हटलं, हेच मराठीत सांगा. 'मी भावावर रागावलेय.' त्यातल्या 'वर'भोवती मी खडूने गोल काढला, तसाच 'ऑन'भोवती. मग विचारलं, घाबरत असाल तर? 'भावाला घाबरते.' भांडलात तर? 'भावाशी.' लपायचं असेल तर? 'भावापासून.' रागावताना 'वर' आणि भांडताना 'शी' का, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. क्रियापद कानावर पडलं तेच प्रत्यय घेऊन. इंग्रजीतही हे असंच शिकावं लागतं, फक्त तिथले प्रत्यय वेगळे: 'अँग्री विथ', 'अफ्रेड ऑफ', 'हाइड फ्रॉम'.

आपल्या नेहमीच्या चुका आता या नजरेने बघा. आपण बजेटवर किंवा बजेटबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट द बजेट' लिहून जातो. डिस्कसला मधे काहीच लागत नाही, 'डिस्कस द बजेट'. स्टेशनला पोचतो, म्हणून 'रीच टू'. तिथेही नुसतं 'रीच द स्टेशन'. तिच्याशी लग्न झालं, म्हणून 'मॅरिड विथ'. हवं 'मॅरिड टू'. उलट 'मला समजावून सांगा' याचं 'एक्स्प्लेन मी' होतं, आणि इथे 'टू' लागतोच: 'एक्स्प्लेन इट टू मी'.

पण मराठी दर वेळी आडवी येते असंही नाही, आणि हे मला फार आवडतं. 'ॲग्री' घ्या. माणसाशी सहमत होतो तेव्हा 'ॲग्री विथ', प्रस्तावाला होकार देतो तेव्हा 'ॲग्री टू', तारखेवर एकमत होतं तेव्हा 'ॲग्री ऑन'. शी, ला, वर. तिन्ही चपखल बसतात. 'डिपेंड ऑन'चंही तसंच, आपणही कुणावर तरी अवलंबून असतो.

'पुट ऑफ' (पुढे ढकलणं), 'गिव्ह अप' (सोडून देणं) यांची जात मात्र निराळी. इथे जोडीला आलेला 'ऑफ' किंवा 'अप' क्रियापदाचा अर्थच बदलून टाकतो. संस्कृतात 'हृ' या एकाच धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, तसं. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग धातूपासून सुटा, मधे इतर शब्द घेऊनही येतो. इंग्रजीत 'पुट द मीटिंग ऑफ' चालतं ते पाहिलं की मला नेहमी हे आठवतं. नियम एकच सांभाळा: 'इट' आलं की ते मधेच बसतं, 'पुट इट ऑफ'. 'लूक ॲट इट'मध्ये ते असं मधे येऊ शकत नाही. बोलून बघा, पहिल्यात जोर 'ऑफ'वर पडतो, दुसऱ्यात 'लूक'वर.

आता तुमच्यासाठी काम. वहीत 'वेट' असा एकटा शब्द लिहू नका. तुमच्याच मेलमधलं पूर्ण वाक्य लिहा, 'आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय.' त्याखाली 'मी तुमच्या उत्तराची वाट पाहतोय', आणि 'ची' व 'फॉर' या दोन्हींखाली रेघ मारा. रोज दोन वाक्यं पुरेत. महिन्याभराने तीच वही उघडून मराठी ओळ झाका आणि इंग्रजी मोठ्याने वाचा. अडखळलात, तर नव्या पानावर ते वाक्य पुन्हा लिहा.