आधी कार्डावरची तारीख बघ

चि. विद्यार्थी मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तू दोन प्रश्न एका दमात विचारलेस. बाबांची बायपास ठरली तर मास्टर्स अर्धवट असताना पुण्याला यावं का, आणि ‘कायमचा परत कधी येणार’ म्हणणाऱ्या आईला काय सांगावं. दुसऱ्याला घाई नाही. पहिल्याचं निम्मं उत्तर तुझ्या जर्मन निवास परवान्याच्या कार्डावर छापलेलं आहे.

कार्डाची मुदत बाकी असेल तर सरळ नीघ. अडकतात ते मुदत संपत आलेले. मोठ्या शहरांत आउसलेंडरबेहोर्डेचा, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचा, टर्मिन (भेटीची वेळ) मिळायला महिनोन्‌महिने जातात आणि नेमक्या त्याच काळात घरून फोन येतो. मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोचला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात. मुदतीनंतर पोचला तर या संरक्षणाची खात्री राहत नाही. म्हणून ३ महिने आधी अर्ज कर, पोच जपून ठेव आणि तुम्ही मुलं ज्याला नुसतं ‘फिक्शन’ म्हणता ते फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, म्हणजे निर्णय होईपर्यंतचं तात्पुरतं प्रमाणपत्र, मागून घे.

ते हातात आलं की कोणत्या चौकटीत खूण आहे ते वाच. जर्मन निवास कायद्याचं कलम ८१, परिच्छेद ४ असेल तर तो कागद, जुनं कार्ड आणि पासपोर्ट घेऊन परत येता येतं. परिच्छेद ३ असेल तर त्या कागदावर पुन्हा प्रवेश मिळत नाही. बाहेर पडायच्या आधी कार्यालयाशी बोल. अर्ज मिळाल्याची नुसती ईमेल विमानतळावर कामाची नाही. फिक्शनवर प्रवास करायचाच असेल तर मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं तिकीट काढ, थोडं महाग पडलं तरी. मधल्या एखाद्या देशातल्या काउंटरवर हा कागद ओळखीचा असेलच असं नाही.

भारतात सलग ६ महिन्यांहून जास्त राहिलास तर परवाना आपोआप संपतो. तसा अंदाज असेल तर निघण्यापूर्वी लेखी मुदत मागून घे, नंतर नाही.

विद्यापीठाचं काम एका ईमेलचं, पण तीही निघण्याआधी जायला हवी. नाव नोंदवलेल्या परीक्षेला गैरहजर राहिलं की सहसा ५,० म्हणजे नापास धरतात, आणि अनिवार्य विषयात तीनदा नापास झालं की अनेक विद्यापीठं नावच काढून टाकतात. नाव मागे घ्यायची मुदत अजून असेल तर आजच मागे घे. नसेल तर हॉस्पिटलचं इंग्रजी पत्र जोडून प्रुफुंग्सआम्टला, म्हणजे परीक्षा कार्यालयाला, लिही. सेमिस्टरची रजा हा शेवटचा उपाय समज. तिचा परवान्यावर आणि नोकरीवर काय परिणाम होईल ते आधी दोन्ही कार्यालयांना विचार.

आता यायचं कधी? ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात काका, मामा, शेजारी अशी माणसं असतात. आठवड्याभराने बाबा घरी आले की सगळे आपापल्या कामाला जातात आणि आई एकटी उरते. छातीचं हाड भरून यायला ६ ते ८ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर बाबांना वजन उचलता येत नाही, उठताबसताना आधार लागतो. ऑपरेशन ठरवून होणार असेल तर डिस्चार्जच्या सुमारास येऊन ३ आठवडे रहा, असं माझं मत. पण आईला तू ऑपरेशनच्या दिवशीच हवा असशील तर तिचं ऐक.

आईला ‘बघू’ म्हणू नकोस. त्या शब्दावर आईवडील वर्षानुवर्षं आशा लावून बसतात. टप्पे सांग. मास्टर्स कागदावर ४ सेमिस्टरचं, बऱ्याचदा ५ लागतात. नंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या युरोपीय निवास परवान्यासाठी, २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगार लागत होता, नव्या पदवीधरांना ४३,७५९.८०, हा आकडा दर जानेवारीत बदलतो. ब्लू कार्ड आणि बी१ (मध्यम पातळीचं) जर्मन असेल तर २१ महिन्यांनी कायम परवाना मागता येतो. म्हणजे परतायचं की नाही हे ठरवायचे मुक्काम दोनच, थीसिस संपताना आणि कायम परवान्याच्या वेळी. एक गैरसमज मात्र काढून टाक. कायम परवाना मिळाला म्हणून वर्षभर पुण्यात राहता येत नाही. साधारणपणे तिथेही ६ महिन्यांचीच मर्यादा असते.

कर्जाचं बोलणं घरात टाळतात, म्हणून आकडाच देतो. २० लाख, १० टक्के व्याज, १० वर्षं: हप्ता साधारण २६,४०० रुपये. शिक्षणाची २ वर्षं आणि सवलतीचं १ वर्ष व्याज भरलंच नाही तर ६ लाख वाढतात आणि हप्ता ३४,३०० च्या वर जातो. वेर्कश्टुडंटच्या, म्हणजे शिकता शिकता केलेल्या अर्धवेळ नोकरीच्या, पगारातून महिन्याचं १६,७०० व्याज निघत असेल तर तेच आधी भर. वडील सहकर्जदार आहेत, कदाचित फ्लॅटही तारण आहे, आणि आजारपणात बँकेचा फोन त्यांनाच येणार.

त्यांना तिकडे बोलवायचं तर शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, ३०,००० युरोंचा विमा लागतो, पण जुन्या हृदयविकाराचा खर्च बहुतेक प्रवास विमे देत नाहीत. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना कायमचं आणायची वाट खुली झाली आहे. ती अडते ती बहुधा वयस्करांच्या आरोग्य विम्यावर.

‘तुला उगाच काळजी नको म्हणून सांगितलं नाही’ हे वाक्य घरात बंद करायचं असेल तर आईवर विसंबू नकोस. जवळ राहणारा एक चुलतभाऊ किंवा शेजारी ठरव, जो डॉक्टरांशी बोलेल आणि त्याच दिवशी तुला कळवेल. रिपोर्ट, औषधांची यादी आणि विमा पॉलिसी एका सामायिक फोल्डरमध्ये ठेव. आईची वेगळी पॉलिसी नसेल तर याच महिन्यात काढ. आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि ते दिवस पॉलिसी सुरू झाल्यावरच मोजले जातात.

तुझा,
काका