वाचकांचे प्रश्न : सहलेखिकेची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न : आम्हा बारा लेखकांच्या अद्भुतकथांचा एक संग्रह निघत असून त्याचे प्रकाशन मडगावात व्हायचे आहे. प्रत्येक लेखकाने संग्रहातील दुसऱ्या एका लेखकाची ओळख करून द्यावी, असे संपादकांनी ठरवले आहे. माझ्या वाट्याला सांगे तालुक्यातील एक लेखिका आल्या आहेत. त्या शाळेत गणित शिकवतात, कोकणीतही लिहितात आणि पुस्तकात छापून आलेली त्यांची ही पहिलीच कथा आहे. गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, माणसे दुसरीकडे वसली, तरी आपली सीमा सोडता येत नाही म्हणून पाण्याखालीही रात्रीची फेरी घालणारा राखणदार, म्हणजे गावाच्या सीमेचे रक्षण करणारे लोकदैवत, असा त्या कथेचा विषय आहे. सभेला येणारी बहुतेक मंडळी नाटक-कीर्तनाची आवड असलेली आहेत. अद्भुतकथा म्हणजे मुलांच्या गोष्टी, अशी त्यांची समजूत. मला पाच मिनिटे दिली आहेत. काय सांगावे आणि काय टाळावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : पाच मिनिटे दिली असली तरी आपण तीनच घ्यावीत. बाराजणांनी पाच-पाच मिनिटे घेतली तर तासभर ओळखींतच जाईल, आणि दीपप्रज्वलन, स्वागत, अध्यक्षीय भाषण व आभार हे सगळे त्याखेरीज व्हायचेच आहे. शिवाय आपल्याकडील सभांतून ओळख म्हणून जे वाचले जाते, ते बहुधा जन्मगाव, शिक्षण, नोकरी, पुरस्कार असा अर्ज असतो आणि शेवटी ‘सिद्धहस्त’, ‘बहुआयामी’, ‘संवेदनशील’ अशी कोणालाही लावता येतील अशी विशेषणे येतात. ज्यांची पहिलीच कथा पुस्तकात येत आहे, त्यांना ‘सिद्धहस्त’ म्हटले तर श्रोत्यांपेक्षा त्यांनाच अधिक अवघडल्यासारखे होईल.

अद्भुतकथा लिहिणाऱ्याची ओळख करून देताना त्याने आपल्या कथेतील जगाला कोणता नियम घातला आहे, हे आधी सांगावे, असे माझे मत आहे. या प्रकारच्या कथेत काहीही घडू शकते, हा गैरसमज आहे. चांगल्या अद्भुतकथेत वास्तवकथेपेक्षाही कडक बंधने असतात, आणि त्या बंधनांची किंमत पात्रांना मोजावी लागते म्हणूनच कथा उभी राहते. आपल्या सहलेखिकेच्या कथेतील नियम आपण पत्रात एका ओळीत दिलाच आहे : राखणदाराला सीमा सोडता येत नाही. ज्यांची राखण करायची ती माणसे सीमेबाहेर गेली आणि जिची राखण करायची ती सीमा पाण्याखाली राहिली, ही कोंडी मांडली की पुढची कथा वाचण्याची इच्छा श्रोत्याला आपोआप होते. त्या गणित शिकवतात, ही माहितीही येथेच कामाला येईल. घातलेली अट कथेत शेवटपर्यंत कोठेही सैल सोडलेली नाही, असे आपल्याला वाचताना जाणवले असेल तर तसे सांगून मग त्यांचा विषय सांगावा. तसे जाणवले नसेल तर ‘शिक्षिका’ एवढाच उल्लेख पुरे.

त्याआधी मात्र श्रोत्यांना ओळखीच्या जागी उभे करायला हवे. कथेत गावाचे नाव नाही, असे आपण कळवले आहे. तरीही साळावली धरणाच्या पाण्यात गेलेले कुर्डी मडगावच्या श्रोत्यांना लगेच आठवेल. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या नावातून ते गाव सर्वांना ठाऊक आहे. त्याचे रहिवासी वाडे आणि वालकिणी येथे वसले, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ते आपल्या जुन्या गावी जाऊन सोमेश्वराच्या देवळाशी व कपेलाशी (ख्रिस्ती प्रार्थनाघराशी) जमतात, हेही गोव्यात बहुतेकांनी ऐकलेले आहे. लेखिकेने नाव मुद्दाम टाळले असण्याची शक्यता असल्याने व्यासपीठावर ते घेण्यापूर्वी त्यांना विचारावे. त्यांनी होकार दिला तरी ‘ही कुर्डीची कथा आहे’ असे न म्हणता ‘कुर्डीसारख्या गावाची’ असे म्हणावे. नाहीतर कुर्डीचा कोणी सभेत असला, तर तो आपले घर कथेत शोधू लागेल.

राखणदाराविषयी बोलताना थोडे जपून बोलावे. सभागृहातील काहीजणांच्या गावात आजही राखणदाराला गाऱ्हाणे घातले जाते. फिरून फिरून त्याच्या वाहाणा झिजतात, म्हणून बेताळ किंवा देवचार या राखणदार दैवतांना नव्या वाहाणा अर्पण करण्याची चाल गोव्यात अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे ‘लेखिकेने कल्पिलेला राखणदार’ असे म्हटले तर ते चुकीचे होईल, आणि ‘गावठी अंधश्रद्धा’ म्हटले तर कोणी उठूनही जाईल. राखणदार लोकांचा आहे, त्याला पाण्याखाली नेऊन पेचात टाकणे हे लेखिकेचे, एवढा भेद स्पष्ट ठेवला की लेखिकेचे श्रेय तिला मिळते आणि श्रद्धा असलेल्यांचा मानही राहतो. झिजलेल्या वाहाणांचा तपशील कथेत आला असेल तर तो जरूर सांगावा. पाण्यातून चालणाऱ्याच्या वाहाणा झिजतात की कुजतात, या प्रश्नाने श्रोते जेवढे जागे होतील तेवढे चार विशेषणांनी होणार नाहीत.

‘मुलांच्या गोष्टी’ या आक्षेपाला सभेत उत्तर देत बसू नये. मराठी कादंबरी अगदी नवी होती तेव्हा ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मंजुघोषा’ (1868) या अद्भुतरम्य कृती प्रौढ वाचकांनीच वाचल्या, हे आपल्याला ठाऊक असावे, पण ते बोलून दाखवण्याची गरज नाही. समर्थन सुरू केले की अपराध घडल्यासारखे वाटते.

त्या कोकणीतही लिहितात, हे एका साध्या वाक्यात सांगावे. त्यापुढे ‘तरीही’ किंवा ‘परंतु’ असा शब्द आला की सभा भाषावादाकडे वळते, आणि मग लेखिका व कथा दोन्ही बाजूला पडतात. आपली स्वतःची कथाही याच संग्रहात आहे, तिचा उल्लेख अजिबात करू नये. सहलेखक म्हणून आपला अधिकार एवढाच, की कथा लिहिताना कोठे अडते हे आपल्याला माहीत आहे. ज्या जागी आपण अडलो असतो ती जागा त्यांनी कशी पार केली, हे एखाद्या वाक्यात सांगता आले तर ती खरी दाद होईल.

आरंभ असा करता येईल : ‘उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरते आणि एका गावाची जोती वर येतात. वर्षातील उरलेले दिवस त्या गावाची राखण कोण करतो, हा प्रश्न सांग्याच्या एका शिक्षिकेला पडला. त्यांच्या कथेतील राखणदाराला सीमा ओलांडण्याची मुभा नाही.’ यानंतर त्यांचे नाव घ्यावे. नाव जरा उशिरा आले की श्रोते मान वळवून त्यांना शोधतात.

आपण पत्रात कथेचा शेवटही सविस्तर लिहिला आहे. तो येथे छापलेला नाही. सभेतही तो सांगू नये.

प्रश्न : एका अद्भुतकथासंग्रहात माझी कथा येत आहे. पुस्तकाच्या अखेरीस छापण्यासाठी संपादकांनी साठ शब्दांत माझा परिचय मागितला आहे. स्वतःविषयी काय लिहावे? (एक लेखक, पेडणे)

उत्तर : परिचय तृतीय पुरुषात लिहावा. आपण कोठे राहता, काय करता आणि यापूर्वी कोठे लिहिले, एवढे आले की निम्मे शब्द संपतात. उरलेल्या शब्दांत आपल्या लेखनाचा एखादा खराखुरा धागा द्यावा : धालोच्या (बायकांच्या लोकनृत्याच्या) मांडावर ऐकलेली गाणी, आजोबांकडून ऐकलेली देवचाराची हकीकत, जे असेल ते. काही नसेल तर चाळीस शब्दांवर थांबावे, संपादक हरकत घेणार नाहीत. ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ हे वाक्य बहुतेक परिचयांत असते, ते टाळावे. अनुक्रमणिकेत नाव जसे आहे, अगदी तसेच परिचयातही असू द्यावे, आणि छपाईपूर्वीचे मुद्रित संपादकांकडून मागवून दोन्ही ठिकाणची नावे स्वतः पडताळून पाहावीत.