गोठलेला वायपर आणि सरकलेला नट

हिवाळा लागला की या सदराकडे परदेशातल्या वाचकांची पत्रे वाढतात आणि त्यातली निम्मी तरी पुढच्या काचेविषयी असतात. या वेळी तीन पत्रे घेतली आहेत. दोन अमेरिका-कॅनडातली आहेत आणि तिसरे नाशिकचे आहे, पण तेही बर्फाचेच.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी ऑगस्टमध्ये पुण्याहून मिनियापोलिसला आलो आणि नऊ वर्षे वापरलेली एक सेडान विकत घेतली. डिसेंबरातल्या पहिल्या मोठ्या हिमवर्षावानंतर सकाळी घाईत गाडी सुरू केली आणि काचेवरचा बर्फ निघेल म्हणून वायपर लावले. क्षणभर घुरघुर झाली, ‘कट्’ असा आवाज आला आणि त्यानंतर चालकाच्या बाजूचा वायपर जागचा हलेना. शेजारचा मात्र व्यवस्थित फिरतो आहे. गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा वायपरची सगळी यंत्रणा, मोटारीसकट, बदलावी लागेल असे सांगण्यात आले. एवढा खर्च खरोखर अटळ आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातच निम्मे निदान आहे. बहुतेक गाड्यांत पुढचे दोन्ही वायपर एकाच मोटारीवर चालतात. एक वायपर नीट फिरत असेल तर मोटार, फ्यूज आणि स्विच शाबूत आहेत असे धरायला हरकत नाही. दोष मोटारीपासून त्या एका वायपरपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी आहे, आणि त्या वाटेवर तुटण्या-निसटण्याच्या जागा मुख्यतः दोनच असतात.

पहिली जागा बाहेर, हाताशीच आहे. वायपरचा आर्म जिथे बॉनेटच्या कडेजवळ खाली जातो तिथे प्लॅस्टिकचे छोटे टोपण असते. ते नखाने किंवा पातळ स्क्रू-ड्रायव्हरने उचलले की आत एक नट आणि नटाच्या मधोमध एका दांडीचे टोक दिसते. या दांडीवर उभ्या बारीक खाचा असतात, आर्मच्या भोकात आतून तसेच दाते असतात, आणि नट आवळला की ते एकमेकांत घट्ट रुततात. आता दुसऱ्या कोणाला तरी गाडीत बसवून वायपर लावायला सांगावे आणि आपण हात दूर ठेवून केवळ त्या टोकाकडे पाहावे. दांडी फिरते आहे पण आर्म स्वस्थ आहे, असे दिसले तर नट सैल होऊन दाते सरकले आहेत. दांडीच फिरत नसेल तर दोष दुसऱ्या जागी, म्हणजे काचेखालच्या जाळीच्या आत आहे. तिथे मोटारीची गती वायपरकडे नेणाऱ्या पट्ट्या गोळा-वाटीच्या सांध्यांनी जोडलेल्या असतात, आणि जोर जास्त पडला की वाटीतून गोळा निसटतो.

माझा अंदाज पहिल्या जागेचा आहे. रात्री ब्लेड काचेला गोठून चिकटले, सकाळी मोटारीने ते ओढले, बर्फाने सोडले नाही, मग मधला जो दुवा सर्वांत कच्चा होता त्याने हार मानली. अंदाज खरा ठरला तर काम अर्ध्या तासाचे आहे. वायपर एकदा चालवून बंद करावेत, म्हणजे मोटार आपल्या विश्रांतीच्या जागी येऊन थांबेल. मग नट काढावा, आर्म हळूहळू हलवत उचलावा, दांडीवरच्या खाचा आणि आर्ममधले दाते तारेच्या ब्रशने घासावेत. पुष्कळ गाड्यांत काचेच्या खालच्या कडेला वायपरच्या मूळ जागेची बारीक खूण असते. तिच्यावर ब्लेड ठेवून नट आवळावा, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळावा.

घासण्याची पायरी गाळू नये, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. मिशिगनमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडूनही हेच घडले होते. शेजाऱ्याचा पाना उसना आणून मी नट तेवढा करकचून आवळला आणि स्वतःवर खूश झालो. आर्म बहुधा मऊ धातूचा असतो. सरकताना त्याच्या दात्यांचा जो चुरा झाला होता तो खाचांत तसाच राहिला होता. आठवड्याभरात, महामार्गावर एका ट्रकच्या मागे असताना, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या राड्याचा फवारा काचेवर आला आणि वायपर पुन्हा मान टाकून पडला. दाते पुरते झिजले असतील तर आर्म नवा घ्यावा लागतो, पण तोही संपूर्ण यंत्रणेच्या मानाने किरकोळ खर्चाचा असतो. गोळा निसटला असल्यास तो दाबून परत बसवता येतो. प्लॅस्टिकची वाटीच झिजली असेल तर मात्र पट्ट्यांचा संच बदलावा लागेल, आणि तरीही मोटार बदलण्याचे कारण मला दिसत नाही. गॅरेजवाल्यांना दांडी फिरते की नाही, एवढाच प्रश्न आधी विचारावा.

पुन्हा असे होऊ नये यासाठीची काळजी सकाळपेक्षा आदल्या संध्याकाळी जास्त घ्यावी लागते. इंजिन बंद करण्याआधी वायपर बंद करून खाली येऊ द्यावेत. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असतील तर तो ‘ऑटो’ही बंद करावा, नाहीतर सकाळी किल्ली फिरवताच गोठलेल्या ब्लेडवर मोटार जोर लावू लागते. रात्री वायपर उचलून उभे करावेत की नाही, यावर तिथे दोन तट आहेत. उभे केले तर ब्लेड चिकटत नाही, हे खरे. पण जोराच्या वाऱ्यात आर्म काचेवर आपटून तडा जाऊ शकतो. मी स्वतः वारा नसेल तेव्हाच उभे करतो. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात; त्यांना वर आणण्याची रीत पुस्तिकेत दिलेली असते, ओढाताण करू नये.

सकाळी आधी काचेखालच्या जाळीवरचा बर्फ काढावा. हे काम फार थोडे लोक करतात. वायपर खाली येतो तो याच जागी, आणि तिथे बर्फाचा कठीण थर साचला की त्याला आपल्या जागेपर्यंत पोचता येत नाही. मोटार दर फेरीला त्या थरावर डोके आपटत राहते. शिवाय गाडीत येणारी बाहेरची हवा बहुधा याच जाळीतून आत जाते, त्यामुळे ती बुजली की काच तापायलाही वेळ लागतो. त्यानंतर हवा काचेकडे वळवून हीटर लावावा, आतलीच हवा फिरवण्याचे बटण बंद ठेवावे, आणि काच कोमट होईपर्यंत प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने खरवडत राहावे. ब्लेड हाताने अलगद उचलले जात असेल तरच स्विच लावावा. केटलीतले गरम पाणी काचेवर ओतण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा, कारण गोठलेल्या काचेला अचानक मिळालेल्या उष्णतेने तडा जाण्याची भीती असते, आणि ओतलेले पाणीही मिनिटभरात गोठते.

जाता जाता एक गोष्ट. वायपरचा जन्मच मुळी बर्फामुळे झाला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या असताना बर्फमिश्रित पावसात ट्रामचा चालक समोर दिसावे म्हणून काच उघडून बसलेला त्यांनी पाहिला, आणि त्यातून जे सुचले त्याचे पेटंट त्यांना १० नोव्हेंबर १९०३ रोजी मिळाले. त्यांचा वायपर आतल्या दांड्याने, हाताने फिरवायचा होता. हाताला जड लागले की माणूस थांबतो. मोटारीला ते कळत नाही, म्हणून ते आपल्याला कळावे लागते.

प्रश्न : मी ६६ वर्षांची असून टोरोंटोजवळ मिसिसागाला राहते आणि अजूनही स्वतः गाडी चालवते. काचेवर फवारण्याचे ‘उणे ४०’ लिहिलेले निळे द्रव मी घेतले. तरीही परवा ४०१ क्रमांकाच्या महामार्गावर, तापमान उणे १८ असताना, फवारा मारताच अख्खी काच पांढरी झाली आणि काही क्षण मला पुढचे काहीही दिसले नाही. द्रव बनावट असेल का? शिवाय ब्लेड नवीन असूनही थरथरत, टकटक करत चालतात.

उत्तर : ते क्षण किती लांब वाटले असतील याची कल्पना येते. द्रव बनावट असण्याची शक्यता मला कमी वाटते. बाटलीवरचा आकडा टाकीतल्या द्रवासाठी असतो, काचेवर पसरलेल्या पातळ थरासाठी नसतो. या द्रवात पाणी न गोठू देण्याचे काम मिथेनॉलसारखे अल्कोहोल करते, आणि अल्कोहोल पाण्याच्या आधी उडून जाते. महामार्गाच्या वेगात काचेवर वाऱ्याचा मारा सुरू असतो. त्यात ते झपाट्याने उडते, उडताना काच आणखी थंड करते, आणि मागे जे उरते ते जवळजवळ पाणीच असते. तेच आपल्या डोळ्यांसमोर गोठले. यावर उपाय म्हणजे काच आधी आतून चांगली तापवून घेणे आणि तोवर फवाऱ्याला हात न लावणे. दीर्घ प्रवासात हवेचा एक भाग काचेकडे सतत वळवलेला असावा, मग पाय थोडे गार पडले तरी चालतील.

टाकीत उन्हाळ्यातले द्रव शिल्लक असताना त्यातच हे नवीन ओतले होते का, तेही आठवून पाहावे. तसे असेल तर उणे ४० चा आकडा केवळ बाटलीपुरता उरतो. जुने फवारून संपवावे आणि मग नवीन भरावे. पहिल्या पत्रातल्या मिनियापोलिसच्या वाचकांनीही इथे लक्ष द्यावे : अमेरिकेतल्या बाटलीवर ‘उणे २०’ असते ते फॅरनहाइटमध्ये, म्हणजे सुमारे उणे २९ अंश सेल्सिअस. उणे ४० वर दोन्ही मापे एकच होतात, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

मिथेनॉलविषयी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. ते विषारी आहे आणि थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. द्रवाचा रंग सरबतासारखा दिसतो, म्हणून ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये, आणि घरी नातवंडे येत असतील तर गॅरेजच्या खालच्या फळीवर तर नकोच. युरोपीय संघाने सर्वसामान्यांना विकल्या जाणाऱ्या काचेच्या द्रवांतले मिथेनॉल २०१९ पासून जवळजवळ हद्दपार केले आहे.

आता थरथरीविषयी. ब्लेडच्या रबराची बारीक कड काचेवर किंचित कललेली असते आणि दर फेरीच्या शेवटी ती टुपकन दुसऱ्या बाजूला कलते. कडाक्याच्या थंडीत रबर ताठ झाले की ती कलत नाही, उलट्या बाजूने ढकलली जाते आणि टकटक करत उड्या मारते. काचेवरचा मिठाचा किंवा गाडी धुताना लागलेल्या मेणाचा थरही हेच करतो. म्हणून आधी त्याच निळ्या द्रवात भिजवलेल्या फडक्याने काच आणि रबराची कड पुसून पाहावी. फडके काळे निघेल. तरीही थरथर राहिली तर ब्लेडचा प्रकार पाहावा. धातूच्या सांगाड्याच्या ब्लेडमध्ये सांध्यांत बर्फ भरतो आणि ब्लेड काचेच्या वळणाप्रमाणे वाकत नाही, त्यामुळे मध्येच न पुसलेला पट्टा राहतो. अख्खा सांगाडा रबरी आवरणात असलेले हिवाळी ब्लेड किंवा सांधेच नसलेले सलग ब्लेड आपल्याकडे चांगले चालेल. हिवाळी ब्लेड जड असतात, म्हणून वसंतात ते उतरवून ठेवावेत.

प्रश्न : डिसेंबरअखेर आम्ही नाशिकहून स्वतःच्या गाडीने मनालीला आणि जमल्यास अटल बोगद्यातून सिस्सूला जाणार आहोत. वायपरच्या टाकीत नेहमी साधे पाणी आणि थोडा शाम्पू असतो. काही बदल करावा का?

उत्तर : अवश्य करावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि टाकी, तिचा छोटा पंप व नळ्या यांना ते सोसत नाही. आपल्याकडे मिळणारी बरीचशी रंगीत द्रवे धूळ आणि किडे काढण्यासाठी असतात, गोठणे टाळण्यासाठी नव्हे. लेबलवर उणे तापमान छापलेले असेल तेच घ्यावे. रेडिएटरचे कूलंट ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण त्याने काचेवर तेलकट पडदा धरतो. मिठाचे पाणीही नको.

रात्री काचेवर कोरडी ताडपत्री टाकून तिच्या कडा दारांत अडकवाव्यात. चादर टाकू नये, ती ओली होऊन काचेला चिकटते. स्क्रेपर नसेल तर जुने प्लॅस्टिकचे कार्ड चालेल. स्वयंपाकघरातले उलथणे चालणार नाही, त्याचे ओरखडे काच बदलेपर्यंत डोळ्यांसमोर राहतात. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. आत काच ओली होईल, तेव्हा सिस्सूच्या बाजूला बाहेर पडण्यापूर्वीच हीटरची हवा काचेकडे वळवून ठेवावी.

आणि द्रव बदलण्याचे काम चंदीगडच्या आसपासच उरकावे, मनालीच्या हॉटेलसमोर नाही. टाकी रिकामी करून नवीन द्रव भरले तरी नळ्यांमध्ये जुने पाणी उरलेले असते. काचेवर नव्या द्रवाचा रंग उतरेपर्यंत फवारा मारत राहावे.