निपाणीकडे आमची शेती आहे. वडील दिवसभर उन्हात असतात. गाडीवरचा काळा गॉगल घेतला तर चालेल का?

काळा आहे म्हणून घेऊ नका. काच काळी असली की बुबुळाच्या मधलं छिद्र मोठं होतं, आणि उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण अडवणारी काच नसेल तर ते किरण उलट जास्त आत शिरतात. 'यूव्ही ४००' लिहिलेला गॉगल घ्या, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे जवळपास सगळे अतिनील किरण अडतात. नुसत्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका. ज्या चष्मेवाल्याकडे किरण मोजायचं छोटं यंत्र असेल, तिथे काच तपासून घ्या. रंग फिका असला तरी चालतो. 'पोलराइज्ड' काचेने चकाकी कमी होते, पण ती वेगळी गोष्ट. 'यूव्ही ४००' तरीही बघायचंच.

वडील गांधी टोपी घालत असतील तर डोळ्यांवर सावली पडत नाही. रुंद काठाची टोपी घ्या, नाहीतर टॉवेल कपाळाच्या पुढे येईल असा बांधा. गॉगल गालाला आणि कानशिलाला जवळ बसणारा हवा, कारण किरण बाजूनेही येतात. खानापूरकडे भाताच्या चिखलणीत पाण्यावरून उजेड खालून वर येतो, तिथे एकटी टोपी पुरत नाही. ढगाळ दिवशीही किरण येतातच.

वर्षानुवर्षांच्या उन्हाने मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस वाढू शकतं. वडिलांचा डोळा उजेडात नीट बघा. तसा गुलाबी पडदा दिसला तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.