बाटलीवर द्राक्षाचं नावच नाही!

प्रश्न: भावाने पॅरिसहून बोर्डोची रेड वाईन आणली. लेबलवर गावाचं नाव, साल सगळं आहे पण द्राक्ष कुठलं ते कुठेच नाही. नाशिकच्या बाटल्यांवर तर मोठ्ठं शिराझ वगैरे लिहिलेलं असतं. असं का?

उत्तर: अहो, कारण त्यात बहुतेक एक द्राक्ष नसतंच, मिसळ असते! आणि तिकडे द्राक्षाची जात सांगण्यापेक्षा गाव सांगायची पद्धत जास्त. मिसळीत मुख्य द्राक्षं दोन, कॅबर्ने सॉविन्याँ आणि मेरलो, जोडीला कॅबर्ने फ्रँक, पेती व्हर्दो, माल्बेक अन् अगदी क्वचित कार्मेनेर. कॅबर्ने सॉविन्याँची साल जाड, त्यामुळे तोंड कोरडं करणारा तुरटपणा येतो, पण ते पिकतं उशिरा, म्हणून त्याला बोर्डोतल्या मेदोक भागाची गरम राहणारी खडीची जमीन मानवते. मेरलो लवकर पिकतं, मऊ लागतं, तिथल्याच पोमरोल गावच्या थंड चिकणमातीत खूश. एकाला पावसाने झोडपलं तर दुसरं सांभाळून घेतं, म्हणून दरवर्षी प्रमाण बदलतं. पेती व्हर्दो म्हणजे आपल्या फोडणीतला हिंग समजा, चिमूटभरच. माल्बेक मात्र 1956च्या कडाक्याच्या थंडीत बरंच मेलं आणि पुन्हा फारसं लावलंच नाही कुणी, आता ते मिरवतंय अर्जेंटिनात. कार्मेनेरची गंमत तर वेगळीच, चिलीत लोक वर्षानुवर्षं त्याला मेरलो समजत होते, 1994 साली कळलं!

तुमच्या बाटलीवर सेंत-एमिलियों किंवा पोमरोल असेल तर मेरलो जास्त धरा, मेदोक असेल तर कॅबर्ने.